दीडशहाण्याचा खटला

ज्या शब्दावरून पुढे खटला चालला तो मी लिफ्टमध्ये वाचला, तेव्हा माझ्या हातात सहावीच्या हिंदीच्या वह्यांचा गठ्ठा होता. वाचला आणि मी हसले. एकटीच होते. या हसण्याबद्दल एक दिवस न्यायाधीशासमोर उत्तर द्यावं लागणार आहे हे माहीत असतं, तर मी जिन्याने गेले असते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा दुबईत, करामातल्या एका चार मजली इमारतीत राहत होतो. माझे यजमान फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर होते. ते गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे आणि शनिवारी पहाटे परत जायचे. मी ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत हिंदी शिकवत होते. इमारतीत बहुतेक बिऱ्हाडं मल्याळी, काही पाकिस्तानी, एका फ्लॅटमध्ये फिलिपिनो नर्सेस. मराठी घरं तीनच. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर पुण्याचे एक इंजिनिअर आणि चौथ्यावर रत्नागिरीकडचे एक व्यापारी.

इंजिनिअर जबल अलीला एका कंपनीत पाइपांचं वेल्डिंग तपासत. जोड पास की नापास हे ठरवायचं, एवढंच त्यांचं काम, आणि ते कामात अतिशय चोख होते असं माझे यजमानसुद्धा म्हणत. अडचण एवढीच होती की संध्याकाळी कंपनीची बस त्यांना घरी सोडायची तेव्हा त्यांच्यातला इन्स्पेक्टर बसमध्ये राहायचा नाही, तो त्यांच्याबरोबर उतरायचा. मग इमारत तपासली जायची. लिफ्टमध्ये त्यांच्या नोटिसा लागत, सगळ्या इंग्रजीत, टाइप केलेल्या, खाली सही. लिफ्टची क्षमता सहा माणसं किंवा चारशे पन्नास किलो आहे, तरी रहिवाशांनी स्वतःचं वजन माहीत करून घ्यावं. बटण एकदा दाबल्यावर पुन्हा दाबल्याने लिफ्ट लवकर येत नाही. मल्याळी मंडळी या नोटिसा वाचायची, मान हलवायची आणि बटण पुन्हा दाबायची.

चौथ्या मजल्यावरच्या व्यापाऱ्यांना आम्ही सगळे भाई म्हणत असू. देऱ्याला खाडीकाठी त्यांचं दुकान होतं, लाकडी गलबतांच्या इंजिनांचे सुटे भाग विकायचे. गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, पण अक्षर असं की माझ्या शाळेतल्या एकाही शिक्षकाचं नसेल. गावाहून कोणी आलं की त्यांच्याकडे सुकी मासळी यायची, आणि मासळी लिफ्टमधूनच वर जाणार, दुसरं काय. दोन दिवस लिफ्टला बोंबलाचा वास. मला तो आवडायचा, खोटं कशाला सांगू.

अशाच एका सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये नोटीस लागली, आणि ती पहिल्यांदाच मराठीत होती. हाताने लिहिलेली. इमारतीत ती वाचू शकणारी माणसं मोजकी होती, त्यामुळे ती कोणासाठी आहे हे उघडच होतं. ‘लिफ्टमधून मासळी नेताना ती हवाबंद डब्यात असावी. पिशवी हा हवाबंद डबा नव्हे.’ खाली सही, हुद्दा, फ्लॅट नंबर.

मी दुपारी शाळेतून आले तेव्हा सहीच्या शेजारी निळ्या बॉलपेनने, अतिशय वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता: दीडशहाणा. शब्दापासून एक छोटासा बाण निघून सहीकडे गेला होता.

संध्याकाळी इंजिनिअर बसमधून उतरले, लिफ्टमध्ये शिरले आणि त्यांनी तो कागद पाहिला. त्यांनी तो फाडला नाही. वर जाऊन प्लॅस्टिकची पिशवी आणि चिमटा घेऊन आले, टाचण्या काढल्या आणि कागद पिशवीत घालून वर नेला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते पोलीस स्टेशनला गेले.

आपल्याकडे असं काही झालं तर माणूस वर जाऊन भांडेल, किंवा आठवडाभर बोलणार नाही. पण तिथे कोणाला अपशब्द वापरणं हा गुन्हा होता आणि तो कायदा इंजिनिअरांनी वाचलेला होता. ते नेहमीच सगळं वाचलेले असत.

पोलीस स्टेशनवर काय झालं ते भाईंनी मला जिन्यात सांगितलं. तिथला अधिकारी तरुण होता, भला होता. दोघांना समोर बसवून म्हणाला, “हबीबी, तुम्ही एकाच इमारतीतले, एकाच देशातले. यल्ला, हात मिळवा, खलास.”

“मी हात पुढे केला बाई,” भाई म्हणाले. “सॉरी पण म्हटलं. वाईट वाटलं असेल तर सॉरी.”

“मग?”

“इंजिनिअर साहेब बोलले, लेखी शब्द मागे घ्या. तेवढ्याच मापाच्या कागदावर. ते कसं घेणार? मनात होतं ते लिहिलं. आता मनात नाय असं कसं लिहू?”

त्या गुरुवारी माझ्या यजमानांनी मध्यस्थी करून पाहिली. आधी तिसऱ्या मजल्यावर गेले, मग चौथ्यावर, मग परत तिसऱ्यावर. परत आले तेव्हा त्यांचं पोट भरलेलं होतं, कारण दोन्हीकडे त्यांना खायला घातलं होतं, आणि निकाल शून्य होता. “तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणतात,” ते म्हणाले. “दोघंही.”

नवलाची गोष्ट म्हणजे दोन्ही घरातल्या बायकांनी यात भाग घेतला नाही. भाभींकडून, म्हणजे भाईंच्या पत्नीकडून, सांदणं खाली तिसऱ्या मजल्यावर यायची, तीच ताटली साबुदाणा वडे घेऊन परत वर जायची. खटला चालला तितके महिने ती ताटली कधी रिकामी फिरली नाही. इंजिनिअरांच्या पत्नी एकदा लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, तेव्हापासून त्या लिफ्टने जातच नसत, आणि तो कागद त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. भाभी उर्दू शाळेत शिकलेल्या, त्यांना देवनागरी वाचता यायचं नाही. हे दोन तपशील तेव्हा मला फारसे महत्त्वाचे वाटले नव्हते.

पोलिसांनी कागद अरबीत करून आणायला सांगितला. करामात भाषांतराची दुकानं होती, पण मराठीतून अरबी कोणी करत नव्हतं. तेव्हा आधी इंग्रजी आणि मग सरकारमान्य शिक्क्याचं अरबी असा मार्ग निघाला. अरबी करणारे एक सुदानी गृहस्थ होते. इंग्रजी करायचं काम इंजिनिअरांनी स्वतः घेतलं. मी त्यांना म्हटलं होतं, “भाऊजी, मी करून देऊ का? त्याचा भाव आला पाहिजे.”

“वहिनी, भाव नको,” ते म्हणाले. “भाव घातला की उद्या समोरचा म्हणेल, तुम्ही पदरचं घातलं. शब्दाला शब्द. त्यात मी काही मिळवणार नाही, काही वजा करणार नाही.”

आणि त्यांनी खरंच काही वजा केलं नाही. दीड म्हणजे दीड, शहाणा म्हणजे शहाणा. सुदानी गृहस्थांनी ते प्रामाणिकपणे अरबीत उतरवलं, त्यावर शिक्का मारला, आणि कोर्टात जो कागद गेला त्यात असं लिहिलं होतं की आरोपीने फिर्यादीच्या सहीशेजारी, बाण काढून, ‘या माणसाकडे इतरांच्या दीडपट शहाणपण आहे’ अशी नोंद केली.

पहिल्या तारखेला मी नव्हते. भाईंची पिकअप गॅरेजमध्ये होती, म्हणून फिर्यादी आणि आरोपी इंजिनिअरांच्या गाडीतून एकत्रच गेले. कोर्टात काय झालं ते मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं, आणि दोघांनी अगदी सारखंच सांगितलं. या दोघांच्या बाबतीत असं क्वचितच व्हायचं.

न्यायाधीशांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग फिर्यादीला विचारलं, “यात तुमची तक्रार काय आहे? यांनी तुमची स्तुती केली आहे.”

इंजिनिअर म्हणाले की ही स्तुती नाही. न्यायाधीशांनी विचारलं, भाषांतर चूक आहे का? इंजिनिअर म्हणाले, भाषांतर अचूक आहे, मी स्वतः केलं आहे. मग स्तुती का नाही? तर म्हणाले, आमच्या भाषेत दीडशहाणा म्हणजे शहाणा नव्हे.

न्यायाधीश भाईंकडे वळले. तिथे भाईंनी फक्त एवढंच म्हटलं असतं की होय, स्तुती केली, तरी पुरलं असतं. सरकारी शिक्का असलेला कागद त्यांच्या बाजूने होता. दुकानातल्या सगळ्यांनी त्यांना हेच सांगून पाठवलं होतं. पण भाई उभे राहिले आणि म्हणाले, “नाय साहेब. स्तुती नाय केली. वाईटच म्हटलं.”

त्यामुळे न्यायाधीशांपुढे एक विचित्र प्रकरण उभं राहिलं. फिर्यादी म्हणतो अपमान झाला, पण त्याचाच पुरावा सांगतो की स्तुती झाली. आरोपीच्या बाजूने पुरावा आहे, पण तो म्हणतो मी अपमान केला. फिर्यादी आणि आरोपी यांचं पूर्ण एकमत, आणि दोघंही मिळून कागदाच्या विरुद्ध. न्यायाधीशांनी तारीख पुढे ढकलली आणि त्या भाषेचा जाणकार हजर करा असं सांगितलं. या माणसाने तो कागद लिफ्टमध्ये पाहिलेला असेल तर आणखी चांगलं.

तो माणूस मी होते. यजमान सोमवारी फुजैराला होते. बाकी कोणी तो वाचलाच नव्हता.

कोर्टात जायला शाळेची एनओसी लागली. प्रिन्सिपॉलबाईंनी अर्ज दोनदा वाचला.

“तुम्ही कशाच्या एक्स्पर्ट?”

“मराठीच्या, मॅडम.”

“पण आपल्या शाळेत मराठी नाही.”

“नाही मॅडम.”

“मग एनओसी कोणत्या डिपार्टमेंटमधून देऊ?”

शेवटी ती हिंदी विभागातून दिली गेली. त्यात लिहिलं होतं की सदर शिक्षिका हिंदीच्या असून त्यांना मराठी येत असल्याबद्दल शाळेची हरकत नाही.

आमच्या मुलीने रात्री जेवताना भाईंबद्दल विचारलं, “आई, इज ही गोइंग टू जेल फॉर मॅथ्स?” मी म्हटलं, मॅथ्स नाही ग, मराठी. ती म्हणाली, “बट वन अँड अ हाफ इज मॅथ्स.” तेव्हाच मला जरा धास्ती वाटायला लागली.

कोर्टाच्या दिवशी मी साधी कॉटनची साडी नेसले आणि तिघं एकाच गाडीतून निघालो. इंजिनिअर चालवत होते, भाई त्यांच्या शेजारी, मी मागे. सिग्नलला भाई म्हणाले, “साहेब, उजवीकडून घ्या, तिकडे पार्किंग मिळतं.” इंजिनिअरांनी डावीकडून घेतलं. पार्किंग मिळायला पंचवीस मिनिटं लागली.

न्यायाधीश पिकल्या दाढीचे, शांत चेहऱ्याचे होते. दुभाषी एक वयस्क गृहस्थ, कराचीत वाढलेले. मी हिंदीत बोलायचं आणि त्यांनी अरबीत सांगायचं. आत जाण्याआधी बाकावर बसलो असताना मी त्यांना शब्द सांगून ठेवला, म्हटलं ऐन वेळी अडायला नको. ते मिशीत हसले. “डेढ़ होशियार,” ते म्हणाले. “हमारे यहाँ भी कहते हैं.”

मला एवढा आनंद झाला. “मग तुम्हीच सांगा ना त्यांना.”

“बेटी, मैं समझ गया,” ते म्हणाले, “लेकिन मैं गवाह नहीं हूँ. आप जो बोलेंगी, वही बोलूँगा.”

शपथ झाली. न्यायाधीशांनी पहिला प्रश्न विचारला, तुम्ही ही भाषा शिकवता का?

“नाही. मी हिंदी शिकवते.”

“मग जाणकार कशा?”

“मी ती बोलते.”

“किती वर्षं?”

“जन्मापासून.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग अर्थ विचारला. मी म्हटलं, शहाणा म्हणजे बुद्धिमान, समंजस.

“चांगला शब्द?”

“हो.”

“आणि दीड म्हणजे एक आणि अर्धा.”

“हो.”

“एकापेक्षा जास्त की कमी?”

“जास्त.”

“म्हणजे जास्त बुद्धिमान.”

“नाही,” मी म्हटलं. “कमी.”

दुभाषींनी ते जसंच्या तसं सांगितलं. न्यायाधीश माझ्याकडे पाहत राहिले. मला वर्गात असते तसं खडू आणि फळा हवा असं वाटायला लागलं. मी म्हटलं, समजा चहात एक चमचा साखर घातली तर चहा चांगला होतो. दीड घातली तर बिघडतो.

न्यायाधीश म्हणाले, “मी तीन घालतो.”

मागे कोणीतरी खोकलं. मी साखर सोडून मिठावर आले. मीठ दीडपट झालं की पदार्थ तोंडात घालवत नाही. तसंच शहाणपण प्रमाणाबाहेर गेलं की माणूस दुसऱ्याला नकोसा होतो. हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. पण आता त्यांना या विषयात रस वाटायला लागला होता.

“मग अर्धा शहाणा म्हणजे चांगला का?”

“नाही. त्याला अर्धवट म्हणतात. तोही वाईट.”

“म्हणजे अर्धा वाईट, दीड वाईट, एक चांगला.”

“हो.”

सरकारी वकील उभे राहिले. तरुण होते, आतापर्यंत गप्प होते. त्यांनी विचारलं, “एक नेहमीच चांगला का?”

मी शपथेवर होते. मला माझी आई आठवली, जी मी काही उद्योग केला की म्हणायची, मोठी शहाणी लागून गेलीस. शेजारी आठवले, मामा आठवले. मी म्हटलं, “नाही. नुसतं शहाणा म्हटलं तरी कधी कधी वाईट असतं. कोण कसं म्हणतं त्यावर आहे.”

“कधी चांगलं, कधी वाईट?”

“बहुतेक वेळा वाईट,” मी म्हटलं, आणि ते म्हणेपर्यंत मला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. आम्ही लोक एकमेकांची स्तुती तरी कशी करतो, असा विचार त्यांच्या मनात आला असावा. मला तरी तोच आला.

मग बाणावर चर्चा झाली. बाण सहीकडे आहे की सहीच्या वरच्या ओळीकडे, म्हणजे ‘डबा’ या शब्दाकडे? पिशवीतला कागद हातोहात फिरला. बाणाचं टोक सहीच्या पहिल्या अक्षराला लागलं होतं, पण किंचित वर वळलं होतं. डब्याला दीडशहाणा म्हणता येतं का, असं मला विचारण्यात आलं. मी म्हटलं, वस्तूला म्हणत नाहीत. भाईंना विचारलं तर ते म्हणाले, “डब्याचा काय दोष? साहेबांनाच काढला बाण.”

न्यायाधीशांनी मला बसायची खूण केली नाही. ते सावकाश बोलू लागले, आणि दुभाषीही तसेच सावकाश सांगू लागले. कोर्टाला शब्दाचा अर्थ महत्त्वाचा आहे, पण तेवढाच नाही, ते म्हणाले. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हेही महत्त्वाचं आहे, आणि ते त्याने सांगितलेलंच आहे. पण एखादा शब्द अपमान ठरतो तो त्याने त्या माणसाची लोकांच्या नजरेतली किंमत कमी होत असेल तर. तेव्हा प्रश्न असा की हे लोक कोण?

मी म्हटलं, इमारतीतले.

“त्यातले किती जण हे वाचू शकतात?”

मग मघाशी जे तपशील सांगितले ते एकेक करून निघाले. मल्याळी आणि पाकिस्तानी लोकांना येत नाही. नर्सेसना येत नाही. माझ्या मुलीला ‘क’ आणि ‘फ’ मध्ये घोटाळा होतो. यजमान फुजैराला. एका पत्नीला लिपी येत नाही, दुसरी लिफ्टमध्ये बसत नाही. कागद सकाळी लागला आणि संध्याकाळी निघाला.

“म्हणजे लिहिणारा आणि ज्याच्यावर लिहिलं तो, हे सोडले तर लोक म्हणजे तुम्ही एकट्या.”

मी आयुष्यात कधी लोक नव्हते. “हो,” मी म्हटलं.

“वाचून तुम्ही काय केलंत?”

“हसले.”

“वाचल्यावर या गृहस्थांबद्दलचा तुमचा आदर कमी झाला का?”

मी मागे पाहिलं. इंजिनिअर बाकाच्या टोकाशी ताठ बसले होते, मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात. त्यांनी आमच्या मुलीला गणित शिकवलं होतं, फुकट, आठवड्यातून दोन संध्याकाळी. आमच्या गॅसची गळती त्यांनी साबणाच्या फेसाने शोधून काढली होती. आणि तरीही.

“नाही,” मी म्हटलं. “कमी झाला नाही.”

“हसलात तरी?”

“हसले तरी.”

“का नाही झाला?”

खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं पूर्ण सांगायची हिंमत नव्हती. मी म्हटलं, “मेरी राय पहले से वही थी.”

दुभाषींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना नक्की कळलं होतं. “यही लिखवाना है?” त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, जी. त्यांनी ते अरबीत सांगितलं, आणि लिहिलं गेलं. बाकावर इंजिनिअरांनी माझ्याकडे पाहून कृतज्ञतेने मान लववली. मी मान खाली घातली.

शेवटी न्यायाधीशांनी भाईंना पुन्हा एकदा विचारलं, अजूनही तेच म्हणता का?

“नोटिसा लिहिण्यात दीडशहाणे,” भाई म्हणाले. “वेल्डिंगमध्ये मला ठाऊक नाय. तिथे चांगलेच असतील.”

पंधरा दिवसांनी निकाल लागला. भाई सुटले. गुन्ह्याचा शब्द होता, इरादा होता, पण लोकांच्या नजरेतून उतरणं सिद्ध झालं नाही, कारण उपलब्ध असलेल्या लोकांच्या मतात काही फरक पडला नव्हता.

मला वाटलं संपलं. पण इंजिनिअरांनी निकालाचं भाषांतर करून घेतलं. ते वाचायला त्यांना तीन दिवस लागले असावेत, कारण चौथ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात उभे होते. हातात कागद, एका ओळीखाली लाल रेघ.

“वहिनी, एक विचारायचं होतं. इथे म्हटलंय की साक्षीदाराचं मत आधीपासून तेच होतं. यातलं ‘तेच’ म्हणजे नेमकं कोणतं?”

मी त्यांना आत बसवलं. चहा टाकते म्हटलं. ते म्हणाले, चहा नको, उत्तर द्या. मी ओट्याला टेकून उभी राहिले. भाई कोर्टात उभे राहिले होते, समोर शिक्षा होती आणि सुटायची वाट उघडी होती, तरी त्यांनी ती घेतली नव्हती. माझ्यापुढे तर फक्त एक शेजारी बसला होता.

“भाऊजी, तेच म्हणजे जे कागदावर लिहिलं होतं ते,” मी म्हटलं. “बऱ्याच आधीपासून.”

त्यांनी हातातला कागद चौकोनी दुमडला, उलगडला. मला वाटलं आता उठून जातील, आणि मुलीचं गणित संपलं.

“हे तुम्ही कोर्टात स्पष्ट सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. “म्हणजे निकालात संदिग्धता राहिली नसती.”

“माफ करा.”

“माफीचा प्रश्न नाही. उत्तर अपुरं होतं, एवढंच.” त्यांनी कागद खिशात ठेवला. “सगळे असंच म्हणतात का?”

“सगळे मराठी वाचत नाहीत,” मी म्हटलं.

ते हसले. मी त्यांना हसताना फारसं पाहिलेलं नव्हतं, आणि मला ते रडण्यासारखं वाटलं. मग त्यांनी चहा घेतला. साखर किती, हे विचारायचं माझ्याच्याने झालं नाही.

त्यानंतर काही महिने लिफ्टमध्ये एकही नोटीस लागली नाही. मल्याळी मंडळींना चुकल्यासारखं झालं. एकाने मला विचारलंसुद्धा, साहेब आजारी आहेत का? मुलीचं गणित चालू राहिलं. ताटली वरखाली फिरत राहिली. इंजिनिअर आणि भाई जिन्यात भेटले तर एकमेकांना सलाम-नमस्कार करत, त्यापलीकडे नाही.

जूनमध्ये शाळा बंद झाल्या आणि इंजिनिअर कुटुंबासह पंचेचाळीस दिवसांच्या रजेवर पुण्याला निघाले. घराची किल्ली दर वर्षी ते आमच्याकडे ठेवत. बाल्कनीत तुळस होती, कढीपत्ता होता, त्यांना पाणी घालायचं. त्या वर्षी मी वाट पाहिली, पण किल्ली आली नाही. विमानाच्या दिवशी सामान खाली नेताना मी त्यांच्या पत्नीला विचारलं, झाडांचं काय?

“किल्ली चौथ्या मजल्यावर दिली,” त्या म्हणाल्या. “यांनीच दिली. म्हणाले, कोर्टात स्वतःच्या विरुद्ध खरं बोलणारा माणूस आहे. घर दुसऱ्या कोणाकडे द्यायचं?”

त्या हे सहज बोलून गेल्या. मला लागायचं ते लागलं, आणि लागणं बरोबरच होतं.

दोन दिवसांनी भाई आमच्याकडे आले. हातात इंजिनिअरांनी ठेवलेल्या सूचना होत्या, दोन पानं, मराठीत, क्रमांक घातलेल्या. किती वाजता पाणी, किती पाणी, कुंडी कोणत्या दिशेला फिरवायची, फ्रिजच्या मागची पट्टी महिन्यातून एकदा पुसायची, आणि पुसण्याआधी हात कोरडे असावेत.

“बाई, ही सातवी सूचना जरा वाचा,” भाई म्हणाले. “अक्षर लागत नाय.”

मी वाचली. तुळशीला पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहावं. बोट पहिल्या पेरापर्यंत कोरडं निघालं तरच घालावं.

भाईंनी आपल्या बोटाच्या पेराकडे पाहिलं. “कोणाच्या पेरापर्यंत?” ते म्हणाले. “साहेबांचं बोट माझ्यापेक्षा लांब आहे.”

आम्ही दोघांनी त्यावर थोडा विचार केला. मग ते वर गेले, आणि पंचेचाळीस दिवस रोज संध्याकाळी, दुकान बंद करून आल्यावर, त्यांनी त्या कुंडीत बोट घालून पाहिलं.